तोंडी परीक्षा

हेडबाईंना माणसं मुळीच आवडत नसत असं कुणी म्हणू नये. वेळेवर येणारी, सरळ बसणारी आणि विचारल्याशिवाय न बोलणारी माणसं त्यांना चालत. पंचाईत एवढीच, की रविवारी चर्चमध्ये तशी माणसं फारशी येत नसत. कुणी पहिलं गीत संपता संपता घुसे, कुणी प्रार्थनेत जांभया देई. दातांचा डॉक्टर तर उपदेश सुरू झाला की पोटावर हात बांधून खुशाल डुलक्या काढी. हेडबाई खांबाजवळच्या आपल्या जागेवरून मान न वळवता हे सगळं बघत. मान न वळवता बघण्याची कला त्यांनी शाळेत कमावली होती. शाळेतून निवृत्त झाल्या तरी कला उरली आणि हेडबाई हे नावही उरलं.

चर्चमध्ये त्यांच्यावाचून पान हलत नसे. वेदीवरचं कापड धुऊन, खळ घालून, इस्त्री करून त्याच आणत. फुलं त्याच लावत. मुलांचा रविवारचा वर्ग त्या घेत. आजाऱ्यांना भेटायला त्या जात, आणि त्या येताहेत असं कळलं की आजारी माणूस उठून बसे आणि आता बराच आराम आहे म्हणे. शिवाय उपास होते, पहाटेची प्रार्थना होती. आणि एवढं सगळं करून संध्याकाळी खोलीचं दार लावून त्या स्वतःची उलटतपासणी घेत. आज कुठं चुकलं, कुणाबद्दल वाईट आलं मनात, प्रार्थना करताना लक्ष कुठं गेलं. जगाला नापास करणाऱ्या या बाईनं स्वतःला तरी कधी पास केलं होतं? पण ते दाराआड होतं. बाहेर दिसे ती फक्त कपाळावरची आठी.

सगळ्यात खोल आठी होती नव्या पाळकांसाठी, म्हणजे चर्चच्या नव्या धर्मगुरूंसाठी. तरुण माणूस, शर्टाची इस्त्री मोडलेली, हसणं रस्त्यापर्यंत ऐकू जाणारं. उपदेशाचा विषय कुठलाही असो, गाडी फिरून फिरून कृपेवर येऊन थांबे. देवानं तुम्हाला आधीच पदरात घेतलंय, आता टेका जरा, असं तो दर रविवारी सांगे आणि डॉक्टर ते शब्दशः पाळी. हेडबाईंनी मनातल्या मनात त्याचं नाव कृपावाले ठेवलं होतं. भाजीवाला भाजी विकतो तसा हा कृपा विकतो, तीही फुकट, मग माल कसा असणार, असं त्यांचं मत होतं.

आता आईचं सांगायला हवं, कारण खरी गोष्ट आईचीच आहे.

हेडबाईंची आई तरुणपणी हेडबाईंपेक्षा कडक होती. घरात बायबलमधलं वचन पाठ म्हटल्याशिवाय सकाळचं दूध मिळत नसे. अडखळलं की हातावर पट्टी. रविवारी चर्चच्या दारात उभी राहून ती आपल्याच नव्हे, दुसऱ्यांच्या पोरांचीही नखं तपासे. धाकटा भाऊ बेरकी होता. तो पट्टी खाई, दूध सोडी आणि बाहेर खेळायला पळे. मोठीनं मात्र ते सगळं अंगी लावून घेतलं. देव म्हणजे कोण, तर ज्याच्यासमोर नखं स्वच्छ लागतात तो, हे तिच्या मनात तेव्हा जे बसलं ते बसलं.

आणि आता म्हातारपणी आई सगळं विसरली होती. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग घराचा पत्ता गेला, मग नवरा कधी वारला ते गेलं, आणि शेवटी लेकही गेली. हेडबाई तिच्यासाठी "त्या बाई" झाल्या. पण नवल असं, की विसरता विसरता तिचा स्वभावही निघून गेला. ती हसरी झाली. ऊन अंगावर आलं की हसे, चमच्यात आपलं तोंड उलटं दिसलं की हसे. आयुष्यभर दुधावरची साय दुसऱ्याला देणारी बाई आता वाटी चाटूनपुसून पुढं करी आणि म्हणे, "अजून आहे?"

हेडबाईंना हे बघवत नसे. देखभालीचा त्यांना कंटाळा नव्हता. आंघोळ घालणं, कपडे बदलणं, ओली चादर काढून कोरडी घालणं हे सगळं त्या बिनतक्रार करत. त्यांना भीती होती ती वेगळीच. आई प्रार्थना विसरली होती. दहा आज्ञा विसरली होती. ज्याच्यावर विश्वास ठेवायचा त्याचं नावच जर माणसाच्या डोक्यातून पुसलं गेलं, तर विश्वास राहिला कुठं? आणि अशातच आई गेली तर? वर काय सांगणार ती?

म्हणून त्यांनी तोंडी परीक्षा सुरू केली. रोज नाश्त्याआधी खुर्ची ओढून त्या आईसमोर बसत.

"आई, तुला कोणी निर्माण केलं?"

आई विचारात पडे. "डॉक्टरांनी?"

"देवानं. म्हण, देवानं."

"देवानं," आई आज्ञाधारकपणे म्हणे.

"पहिली आज्ञा कोणती?"

"जेवून घ्या."

"आई."

"मग हात धुवा?"

आणि आई गदगदून हसे. हेडबाई हसत नसत. त्या तोच प्रश्न पुन्हा विचारत, आणखी सावकाश, आणखी मोठ्यानं, बहिऱ्याशी बोलावं तसं. आईचे कान चांगले होते. अंडं थंड होऊन जाई.

धाकटा भाऊ फ्रिज दुरुस्त करण्याचं काम करी. कामावरून येता येता तो अधूनमधून डोकावे. हेडबाईंच्या दृष्टीनं तो वाया गेलेला माणूस होता. चर्चला येई तो वर्षातून मोजक्या वेळा, तोही मागच्या बाकावर. एकदा तो आला तेव्हा परीक्षा चालू होती. तो दारातच थांबून ऐकत राहिला.

"ताई, सोड ना आता तिला," तो म्हणाला. "काय मिळतंय तुला यातून?"

"मला नाही, तिला मिळणार आहे."

"तिला अंडं मिळालं तरी खूप झालं."

"तुला काय कळतंय? तू आयुष्यात एक वचन धड पाठ केलं नाहीस."

"नाहीच केलं," तो म्हणाला, आणि आईजवळ बसून अंड्याचं टरफल सोलू लागला. आईनं त्याच्याकडे बघून गोड हसून विचारलं, "तुम्ही कुणाचे?" तो म्हणाला, "तुमचाच." तिला ते अगदी पटलं. एवढ्या स्वस्तात पास होणाऱ्या भावाकडे बघून हेडबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

प्रभुभोजनाचा, म्हणजे सगळ्या मंडळीनं वेदीपुढं भाकर आणि प्याला घेण्याचा रविवार जवळ आला तसे कृपावाले घरी आले. त्यांनी डब्यातली बिस्किटं न विचारता खाल्ली आणि आईशी खिडकीबाहेरच्या मांजराबद्दल गप्पा मारल्या. ते उठायच्या आत हेडबाईंनी मुद्दा काढला.

"पाळकसाहेब, या रविवारी आईला भाकर आणि प्याला देऊ नका."

"का बरं?"

"स्वतःची परीक्षा करून मगच घ्यायचं असतं. तिला ती करता येत नाही. आपण काय घेतोय हेसुद्धा तिला कळत नाही."

कृपावाल्यांनी हातावरचा चुरा झटकला, तो सरळ फरशीवर. "बाई, मला तरी कुठं पुरतं कळतं?"

"ते दिसतंच," हेडबाई म्हणाल्या.

दुसरा कुणी असता तर रागावला असता. हा हसला. मग हसणं थांबवून म्हणाला, "बाई, तुम्ही फार दमलेल्या दिसता."

या वाक्यानं हेडबाईंचा जितका पाणउतारा झाला तितका कुणी शिवी दिली असती तरी झाला नसता. दमणं हा शब्द आळशी माणसांनी काढलेला आहे, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यांनी दार उघडून धरलं. तो गेल्यावर फरशी पुसली, आणि त्याचा पाय जिथं पडला नव्हता तिथंही पुसली.

मग तो रविवार उजाडला.

आईला नेसवून, केस विंचरून खुर्चीवर बसवलं होतं. हेडबाईंनी ठरवलं होतं, आज निदान प्रभूची प्रार्थना तरी तिच्या तोंडून वदवून घ्यायचीच. पहिली ओळ त्यांनी म्हटली. आईनं ती म्हटली. दुसरी म्हटली. आईनं पहिलीच म्हटली. पुन्हा दुसरी. आई खिडकीबाहेर बघू लागली. हेडबाईंनी तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. आईनं चहाचा कप उचलला आणि तो धुतलेल्या कपड्यांवर, मेजावर, हेडबाईंनी इस्त्री करून ठेवलेल्या वेदीच्या कापडावर सांडला.

हेडबाईंचा हात उठला आणि आईच्या मनगटावर बसला. जोरात. आवाज झाला.

आईचा चेहरा आधी कोराच राहिला, मग लहान मुलासारखा वेडावाकडा झाला आणि ती रडू लागली. हेडबाई तशाच उभ्या. रडता रडता आईनं त्यांच्याकडे वर बघितलं. नीट निरखून बघितलं. आणि अगदी आपुलकीनं, जुनी ओळख निघावी तसं विचारलं, "तुमच्या आईनं तुम्हाला फार मारलं का हो?"

हेडबाईंनी कापड भिजत घातलं, आईचे कपडे बदलले, मनगटावर थंड पाणी लावलं. तोवर आई सगळं विसरलीही होती आणि मांजराला हाका मारत होती. विसरण्याची ती सोय हेडबाईंना नव्हती. त्यांनी तिथल्या तिथं स्वतःला शिक्षा सुनावली. आज प्रभुभोजन घ्यायचं नाही. आजच काय, सहा महिने घ्यायचं नाही. सगळ्यांना दिसेल, दिसू दे. चर्चला न जाण्याचा प्रश्न नव्हता. गैरहजेरी हा आणखी एक गुन्हा झाला असता.

चर्चमध्ये त्या दिवशी वेदीवर जुनं, पिवळट कापड होतं. दोन बायका त्याकडे बघून एकमेकींशी कुजबुजल्या. हेडबाईंनी ते मान न वळवता पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना त्या बायकांबद्दल काही वाटलं नाही. तिरस्काराचा सगळा साठा त्या दिवशी घरीच खर्च झाला होता, आणि तो कुणावर ते सांगायची गरज नाही.

माणसं रांगेनं पुढं जाऊन कठड्याशी गुडघे टेकू लागली. हेडबाई जागेवरून हलल्या नाहीत. पण आई उठली. सगळे जाताहेत म्हणजे पुढं काहीतरी मिळतंय, एवढं तिला कळत होतं. तिनं हेडबाईंचा हात घट्ट धरला आणि त्यांना ओढतच पुढं नेलं. सगळ्या मंडळीसमोर म्हाताऱ्या आईशी ओढाताण कशी करणार? हेडबाई गेल्या. आईला गुडघे टेकता येत नव्हते, म्हणून दोघी उभ्याच राहिल्या.

कृपावाले भाकरीचं ताट घेऊन आले. हेडबाईंनी आधी आईच्या वतीनं मान हलवली, नाही. मग स्वतःच्या वतीनं हलवली, नाही. ओठ घट्ट मिटून घेतले. पाळकांनी दोघींकडे बघितलं आणि आईच्या पसरलेल्या ओंजळीत तुकडा ठेवला.

आईनं तो निरखला. मग हेडबाईंच्या रिकाम्या हातांकडे बघितलं. हे काही तिला बरोबर वाटलं नाही. तिनं तुकडा मोडला, त्यातला मोठा भाग बोटांत धरला आणि लेकीच्या मिटलेल्या ओठांशी नेला.

"घे," ती म्हणाली. लेकीला ती त्या बाई समजून अहोजाहो करी, पण आता म्हणाली, "घे गं. उपाशी नको राहूस."

हेडबाईंनी मान मागं घेतली. आईनं दुसऱ्या हातानं त्यांची हनुवटी धरली. मनगटावरचा लाल वळ हेडबाईंच्या डोळ्यांसमोर आला, इतका जवळ की दुसरं काही दिसेना. आणि तोंड उघडलं गेलं. आईनं घास आत कोंबला, ओठांवरचा चुरा अंगठ्यानं पुसला आणि आपला तुकडा मजेत चावू लागली.

सगळं चर्च बघत होतं. दातांचा डॉक्टरसुद्धा जागा होता. हेडबाईंनी तो घास चावला. तो गिळून, आईचा हात धरून त्या जागेवर परतल्या.

दुसऱ्या दिवशी शेजारणीला आईजवळ बसवून त्या पाळकांच्या ऑफिसात गेल्या. टेबलावर कागदांचा ढीग, खुर्चीवर कुणाचा तरी स्वेटर. त्यांनी स्वेटर घडी करून बाजूला ठेवला आणि ताठ बसल्या.

"मला मंडळीची शिस्त लावा, प्रभुभोजन बंद करा," त्या म्हणाल्या. "काल मी घ्यायला नको होतं. मी पात्र नव्हते."

"काय झालं?"

"मी आईला मारलं."

कृपावाले या वेळी हसले नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं. "देवाला सांगितलंत?"

"रात्रभर सांगतेय."

"मग झाली क्षमा."

"एवढ्यात?"

"काल तुमच्या तोंडात घास गेला त्याच्या कितीतरी आधी."

"पण मी काहीच केलं नाही त्यासाठी. मी तर तोंड मिटून उभी होते."

"तेच म्हणतोय, बाई."

हेडबाईंना हे अत्यंत अव्यवस्थित वाटलं. असं कुठं असतं का? न अभ्यास, न शिक्षा, न फेरपरीक्षा. "तुम्ही फार वाईट शिक्षक झाला असतात," त्या म्हणाल्या.

"विद्यार्थीही वाईटच होतो. मॅट्रिकला गटांगळ्या खाल्ल्यात." मग तो थोडा पुढं झुकला. "बाई, तुमच्या आईला देवाचं नाव आठवत नाही याची तुम्हाला भीती वाटते ना? तुम्ही तान्ह्या होतात तेव्हा तुम्हाला तिचं नाव कुठं ठाऊक होतं? तरी दूध मिळतच होतं की."

"आणि नंतर वचन म्हटल्याशिवाय मिळेनासं झालं," हेडबाई म्हणाल्या. हे त्या कुणाला कधीच बोलल्या नव्हत्या. बोलून गेल्यावर त्यांनी पर्स उघडली, आत काही शोधल्यासारखं केलं आणि तशाच, पर्समध्ये तोंड घालून, बराच वेळ बसल्या. पाळक उठून खिडकीशी गेला आणि बाहेर बघत राहिला. तेवढी अक्कल त्याला आहे हे बघून हेडबाईंना आश्चर्य वाटलं.

त्यानंतर हेडबाई देवमाणूस झाल्या वगैरे समजू नये. उशिरा येणाऱ्यांकडे त्या तशाच बघत राहिल्या. पाळकांचे शर्ट त्यांना तसेच खुपत. पण मंगळवारी सकाळी त्या खुर्ची ओढून आईसमोर बसल्या आणि त्यांच्या तोंडून प्रश्नच येईना. आई वाट बघत होती. हेडबाईंनी अंडं सोललं, मीठ लावलं आणि तिला भरवलं. ते गरम होतं. दुपारी आई झोपली तेव्हा त्या तिच्या पायाशी पलंगावर टेकल्या, जरा पाठ सरळ करावी म्हणून, आणि तिथंच आडव्या झाल्या. धाकटा भाऊ हत्यारांची पिशवी घेऊन आला तर दार नुसतं लोटलेलं, स्वयंपाकघरात भांडी पडलेली आणि ताई भरदिवसा घोरत पडलेली. तो घाबरला. नाकाशी बोट धरून श्वास बघितला. मग भांडी घासून ठेवून निघून गेला. ती नीट घासलेली नव्हती. हेडबाईंनी उठल्यावर ती पाहिली आणि तशीच मांडणीवर लावली.

संध्याकाळची उलटतपासणी एकदम सुटली नाही. सवय होती ती. पण मधेच त्यांना तो घास आठवे, न मागता, न कमावता, हनुवटी धरून भरवलेला. मग यादी पुढं सरकेना. "बरं, आहे ते असं आहे," असं त्या देवाला म्हणत आणि दिवा मालवत. स्वर तक्रारीचाच असे. पण झोप लागे.

थंडी सरता सरता आई गेली. सकाळी, चहा पिताना, खुर्चीतच. एक वचन नाही, प्रार्थनेचा शब्द नाही. मातीहून परतल्यावर चर्चमधल्या बायका घरी बसल्या होत्या. त्यातल्या एकीनं, जी हेडबाईंच्याच वर्गात घडली होती, आवाज मऊ करून विचारलं, "शेवटी प्रभूचं नाव घेतलं का हो त्यांनी?"

"नाही," हेडबाई म्हणाल्या. "चहा गार झालाय म्हणाली."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. एकीनं सुस्कारा सोडला, दुसरीनं मान हलवली, जणू आईचा निकाल त्यांच्याच हातात होता. हेडबाईंनी त्या साऱ्या गंभीर तोंडांवरून सावकाश नजर फिरवली. ही तोंडं त्यांच्या ओळखीची होती. वर्षानुवर्षं आरशात पाहिलेली.

"गारच झाला होता," त्या म्हणाल्या. "खरं तेच बोलली. चिंता करायचं काही कारण नाही. ती पोचली."

"ते कसं सांगता येईल, बाई?"

"मी काही सांगत नाही. ज्यानं न्यायचं त्यानं नेली." मग त्या उठल्या. "तुम्ही बसा पाहिजे तर. मी जरा पडते."

आणि पाहुणे बसलेले असताना, भरदुपारी, हेडबाई आतल्या खोलीत गेल्या, दार लोटून घेतलं आणि झोपल्या.